न्हाणीमागचं कुंकू

१

चोरीला जाऊ नयेत अशा वस्तू जगात पुष्कळ असतात. पण शेणवे गावच्या लडकूच्या घरातून जी वस्तू गेली, ती चोरायची बुद्धी कुणाला व्हावी हेच गावाला कळेना.

देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात एक लहानशी प्लास्टिकची बाटली ठेवलेली होती. आत पाण्यासारखं दिसणारं, नाकाला झोंबणारं औषध. त्या औषधात वालाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा. लडकूची बायको सरस्वती, तिच्या डाव्या टाचेवरच्या काळ्या डागातून मुरबाडच्या डॉक्टरनं तो कापून काढला होता. बाटली तिच्या मुलाच्या, रितेशच्या हातात देऊन डॉक्टर म्हणाला होता, उद्या सकाळी ही मुंबईला तपासायला पोचव. रितेशनं दुपारी ती कोनाड्यात ठेवली. सकाळी पाहतो तर कोनाडा रिकामा.

"लोक सोनं नेतात, मोटारसायकल नेतात, कोंबडीसुद्धा नेतात," कुंडलिक म्हणाला. "ह्ये कोण नेईल रे?"

कुंडलिक फौजदार होऊन निवृत्त झाला होता, आणि गाव त्याला अजून फौजदारच म्हणत असे. माणसाच्या पापाचे सगळे नमुने आपण पाहून संपवले, अशी त्याची पक्की समजूत होती. त्या समजुतीवर त्याचं निवृत्तीचं आयुष्य अगदी सुखात चाललं होतं.

"गिरजानी नेली," रितेश म्हणाला. "काल सांजच्याला आमी सगळी खळ्यावर व्हतो, झोडणीला. घरात आय एकटी. तवा गिरजा येऊन गेली. दुसरा कोण आला नाय."

"तिला त्या बाटलीचा काय उपेग?"

"त्या डागावर बिब्बा कुणी लावला? तिनीच. डॉक्टर बोलतो ह्यो कातडीचा कॅन्सर वाटतो. तपासणीत तिचा बिब्बा बाहेर आला असता, म्हणून नेली."

बिब्बा कुंडलिकला नवा नव्हता. पायात काटा मोडला की तो सुईनं काढायचा, बिब्ब्याचं फळ दिव्यावर तापवायचं आणि त्याच्या तेलाचा चटका त्या जागी द्यायचा, ही इकडची जुनी रीत. कातडी जळते, काळा डाग पडतो, काही आठवड्यांत खपली निघून टाच पुन्हा पहिल्यासारखी होते. शेणव्यात असा डाग न मिरवलेला पाय शोधून सापडला नसता. म्हणूनच सरस्वतीच्या टाचेवरचा काळा डाग वर्षभर सगळ्यांनी पाहिला आणि कुणालाच तो दिसला नाही. बिब्बा आहे, म्हणाले, आणि पुढे गेले.

"दुसरा तुकडा काढता यायचा नाय का?"

"आय पायाला हात लावू देत नाय. एकदा कापला तो बास, बोलते. आन तिला काय सांगू नका, फौजदार. तिला वाटतंय गळू हाय."

कुंडलिकनं आपल्या भाचीला फोन लावला. डॉक्टर कुणाली मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात होती आणि कातडीच्या कॅन्सरचाच अभ्यास करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मामा, त्या औषधात तुकडा काही दिवस चांगला राहतो. पण फार दिवस गेले तर आतली अक्षरं पुसट होतात."

"मांसात कसली आलीत अक्षरं?"

"ते तू इथं आलास की दाखवीन. आधी बाटली शोध. तुझ्या भाषेत सांगायचं तर गुन्ह्याची जागाच कुणीतरी उचलून नेलीय."

२

लडकूच्या अंगणात खळं होतं. शेणानं सारवलेलं, भाताच्या पेंढ्यांनी भरलेलं. खळ्यावर चपला घालून कोणी जात नाही, फौजदार झाला म्हणून काय झालं. कुंडलिकनं चपला काढल्या आणि चार पावलं टाकतो न टाकतो तोच कुंपणाच्या बाभळीचा काटा त्याच्या उजव्या टाचेत शिरला. त्यानं उपटला, पण टोक आत राहिलं. एरवी असं झालं की लोक गिरजाकडे जात. आज तिचं नाव काढायचीही सोय नव्हती. गावातल्या बायांनी तिच्या दारी जाणं सोडलं होतं, कुणीतरी तिची बिब्ब्यांची टोपली ओढ्यात फेकली होती, आणि ती धसईला भावाकडे निघून गेली होती.

पाय धुवायला तो घरामागच्या न्हाणीकडे गेला. न्हाणीच्या दगडामागे हातभर जागा ताज्या शेणानं सारवलेली होती. वर हळद-कुंकू आणि झेंडूचं एक फूल. सारवणात कोंबड्यांच्या नख्या उमटल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये कुणाच्या तरी डाव्या पावलाची बोटं आणि चवडा. असेल काही घरचा देवधर्म, असं मनाशी म्हणून त्यानं पायावर पाणी ओतलं.

लडकू खळ्याच्या कडेला बसला होता. बायकोच्या आजारानं निम्मा झालेला माणूस.

"बाटली गेली तो बरा झाला," तो हळूच म्हणाला. "बगितलाच नाय तर आजार हाय का नाय, कुणाला ठाव?"

"तू नेलीस?"

"मना हात लावायची हिंमत नाय झाली, भाऊ. तिच्या अंगाचा तुकडा तो."

लडकूची आई लहानी देव्हाऱ्यासमोर दिवा लावत होती. "देवाजवल मांस ठेवला," ती रितेशकडे पाहत पुटपुटली. "मी ह्याला बोलले, उचल. ह्यो आयकल तर ना."

"मग तुमीच उचलला का, काकी?"

"मी त्याला शिवन व्हय?" म्हातारीनं हळदीकुंकवाची कोयरी नातवापुढे सरकवली. "घे, वाहा देवाला. तुजा आजा गेल्यापासना माजा हात कुंकवाला लागला नाय."

मधल्या खोलीत सरस्वती भिंतीला टेकून वाल निवडत होती. डाव्या पायाला पट्टी. चेहरा उतरलेला, पण हात काही थांबत नव्हते. कुंडलिकला पाहून ती उठायला गेली. त्यानं हातानंच बसवलं.

"फौजदार, ती बाटली मुंबईला गेली म्हंजी त्यात काय काय कळतं हो?"

"सगळा कळतं, वैनी," कुंडलिक तोऱ्यात म्हणाला. पोलिसाची जुनी खोड. "आजकाल मशिनी लय पुढं गेल्यात."

"कुणी हात लावला, काय लावला, तो बी?"

"तो बी."

सरस्वतीनं वालाचा एक दाणा उचलला, पाहिला आणि पुन्हा सुपात टाकला. "आन गिरजा का येत नाय? दोन दिस झाले, दिसली नाय. तिला सांगा, मी वाट बगतंय."

दारात उभ्या रितेशनं मान फिरवली. ज्या बाईवर हिच्या पायाचं पाप घातलं होतं, त्या बाईची ही वाट पाहत होती.

३

धसईला बाजारचा दिवस होता. भाताची पोती, वांगी, मिरच्या, मुरबाडच्या एसटीला लागलेली गर्दी. त्यातून लंगडत कुंडलिक गिरजाच्या भावाच्या, वाल्मिकच्या घरी पोचला. गिरजा पडवीत बसली होती. हातात काही काम नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं.

"पायात काटा हाय तुमच्या," ती म्हणाली. तिनं फक्त चाल पाहिली होती.

"हाय. काढतेस?"

"नाय." तिनं हात पदराखाली घेतले. "आता कुणाच्या पायाला हात लावायची नाय मी."

कुंडलिकनं अनेक आरोपींना बोलतं केलं होतं. काही ओरडत, काही रडत, काही शपथा घेत. गिरजानं यातलं काहीच केलं नाही. बाटली नेली नाही, एवढं एकदाच सांगितलं, आणि मग स्वतःच पुढे बोलू लागली.

"बाटलीचा सोडा, भाऊ. बिब्बा मी लावला, तो खरा हाय. गेल्या साली भाताच्या आवणीच्या टायमाला ती आली. बोलली, काटा मोडलाय, काळा दिसतोय. मी सुई घातली, काटा गावला नाय. खोल असल बोलले आन चटका दिला. मंग तिनी घरी बी लावला, चार-पाच डाव. आता सांगा, माज्या हातानी झाला का तो? माजा मनच मना सांगत नाय. रातच्याला उठून हात बगते मी."

निर्दोष माणूस आपण निर्दोष आहोत हे जाणतो, असं तो आजवर धरून चालला होता. इथे एक बाई आपणच गुन्हेगार आहोत की नाही हे दुसऱ्या कुणाला तरी विचारत होती.

"त्या सांजेला सरस्वतीशी काय बोललीस?"

"ह्याच. बोलले, माज्या बिब्ब्यानी झाला का गो ह्यो? ती बोलली, उगा काय बी बोलतेस. मंग माजा हात धरून बसली. लय दिसांची सोबत हाय आमची. त्या घरात पोरा झाली तवा सुईण मीच. रितेशची नाळ मीच पुरली, न्हाणीच्या मागं. मानसाच्या अंगाचा तुकडा वाऱ्यावर टाकायचा नसतो. घरच्या मातीत ठेवायचा, वर सारवण करायचा, हळद-कुकू वाहायचा."

कुंडलिक पडवीवरून उठला. टाचेतला काटा कळवळला, त्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"गिरजाबाय, लडकूच्या घरात आता कोण बाळंतीण हाय का?"

"कोण नाय. रितेशचा तर लगीन बी झाला नाय."

"मग न्हाणीच्या मागं कुंकू कुणी वाहिला?"

४

संध्याकाळी कुंडलिकनं सगळ्यांना मधल्या खोलीत बसवलं. लडकू, रितेश, लहानी, आणि भिंतीला टेकलेली सरस्वती. रितेश म्हणाला, आयसमोर नको. कुंडलिक म्हणाला, आयसमोरच.

"बाटली घरातच हाय," त्यानं सुरुवात केली. "न्हाणीच्या मागं पुरलीय. जिनं पुरली तिला ती नष्ट करायची नव्हती. फेकायला ओढा जवळ व्हता, चूल त्याच्याहून जवळ. पण आपल्या अंगाचा तुकडा फेकत नाय, जाळत नाय. नाळेसारखा पुरतात. आता पुरला कुणी?"

त्यानं एकेकाकडे पाहिलं.

"रितेशला आपली नाळ कुठं पुरलीय ते ठाव नाय. आजकालच्या पोरांना कुठला ठाव असणार? लडकू त्याला हात लावायला घाबरतो, आन सारवण, कुंकू ही बाप्यांची कामा नाय. लहानीकाकीला जागा ठाव, रीत ठाव. पण तिचा हात कुंकवाला लागत नाय. परवा तिनं माज्यासमोर देवाचं कुंकू नातवाला वाहायला लावला. मग ऱ्हायला कोण?" त्यानं न्हाणीकडे बोट केलं. "ओल्या सारवणात एक पाऊल उमटलंय. डावा पाऊल. बोटा हायत, चवडा हाय. टाच नाय. या घरात डावी टाच टेकवत नाय असा एकच मानूस हाय."

लडकूनं बायकोकडे पाहिलं. रितेशनं पाहिलं. सरस्वतीनं सूप बाजूला ठेवलं.

"मी पुरली," ती म्हणाली.

"आय, पण कशाला?"

"गिरजा येऊन रडली. बोलली, माज्या बिब्ब्यानी झाला का. मना वाटला, त्या मशिनीत बिब्बा निंगल, मंग पोलीस तिला धरतील. मी मरन तर मरन, तिला कशाला?" ती सावकाश बोलत होती, जणू फार दिवस मनात घोळवलेलं. "फेकायचा जीव नाय झाला. म्हणून पोराच्या नाळेजवल ठेवली. मना ठाव हाय मना काय झालंय. तुमी बोलत नाय म्हणून मी बी बोलत नव्हते."

सगळे मिळून एका बाईपासून जे लपवत होते ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तिनं जे लपवलं त्यानं जिला वाचवायचं तीच घरोघरी चोर ठरली होती.

"गिरजा गाव सोडून गेली, वैनी," कुंडलिक म्हणाला. "बाटली तिनं नेली म्हणून."

सरस्वती मुलाकडे वळली, आणि आवाज न चढवता तिनं जे सांगितलं त्यानं रितेश एवढासा झाला. "तुला या जगात तिच्या हातांनी आणला. जा, तिला घेऊन ये."

रितेश त्याच पावली धसईला गेला आणि एकटाच परत आला. गिरजानं सांगून पाठवलं होतं, सरस्वती मायेनं बोलते, खरं काय ते कळल्याशिवाय मी शेणव्याची वेस शिवणार नाही.

पण त्याच्याआधी न्हाणीमागची माती उकरली गेली होती. बाटली सरस्वतीनं आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवली होती. झाकण घट्ट होतं, औषध जसंच्या तसं. आणि एका गोष्टीची खात्री कुंडलिकनं तिथंच करून घेतली.

"वैनी, नीट आठवा. आधी काय? डाग का बिब्बा?"

"डाग," सरस्वती म्हणाली. "बिब्ब्याच्या आधी दोन पावसाळे व्हता. लहानसा. दुखत नव्हता. मना वाटला काटा मोडलाय, म्हणून तर बिब्बा लावला."

५

काही आठवड्यांनी कुणालीनं मामाला मुंबईला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. कुंडलिकनं एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी धूसर. मग कुणालीनं चाक फिरवलं आणि जांभळ्या ठिपक्यांचं एक अफाट शिवार त्याच्यापुढे उघडलं. कुठे ओळीत, कुठे दाटीवाटीनं, कुठे एकमेकांच्या अंगावर चढलेले.

"ही सरस्वतीमावशी," कुणाली म्हणाली. "वालाच्या दाण्याची एक पापुद्र्याएवढी चकती. एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचं केंद्र. प्रत्येकात एक पुस्तक आहे. तेच पुस्तक तिच्या डोळ्यात, तेच काळजात, तेच टाचेत."

"तेच? मग टाच डोळ्यासारखी का नाय झाली?"

कुणाली हसली. "इथं विद्यार्थी वर्षभरानं हा प्रश्न विचारतात. पुस्तक एकच, पण प्रत्येक जागी वेगळी पानं वाचली जातात. बाकीची मिटलेली राहतात. डोळा आपली पानं वाचतो, टाच आपली."

"आन कुठलं पान वाचायचं ते कोण सांगतं?"

"बाहेरून निरोप येतो. पेशीच्या भिंतीवर दारं आहेत, दारांना बेल आहे. शेजारून निरोप्या येतो, बेल दाबतो. आत एक जण तो निरोप घेतो, दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला."

"पेंढ्याच्या उडवीला आग लागली की विहिरीपासून हंडे जातात, तसं?"

"तसंच. हातोहात. शेवटचा गडी पुस्तकापाशी पोचतो आणि पान उघडतं. वाढ. एकीची दोन हो. काम झालं की निरोप्या जातो, बेल थांबते, पान मिटतं. तुझ्या हाताला कापलं तर जखम भरते, आणि भरून झाली की भरायची थांबते. मला विचारशील तर ते थांबणं मोठं आहे."

कुंडलिकनं आपल्या बोटांकडे पाहिलं. कोयत्याचे, पत्र्याचे, कशाकशाचे जुने वण. प्रत्येक वेळी आत कुणीतरी बेल वाजवली होती, हंडे हातोहात गेले होते, आणि काम संपताच सगळे निमूट घरी गेले होते. साठ वर्षं हे त्याच्या अंगात चाललं होतं आणि त्यानं एकदाही विचारपूस केली नव्हती. त्याला एकदम आपण कुणा मोठ्या देवळात चपला घालून शिरलो आहोत असं वाटलं.

कुणालीनं पडद्यावर लाल-निळ्या चौकोनांची नक्षी आणली. "कुठली पानं मोठ्यानं वाचली जातायत ते यात दिसतं. लाल म्हणजे मोठ्यानं, निळं म्हणजे गप्प. ही लाल पानं सांगतात, वाढ. फूट. मरू नको. जागा सोडून चालायला लाग. आणि हे निळं पान म्हणजे, थांब. ते कोणी वाचतच नाही."

"म्हणजे कोणतरी सारखी बेल दाबतंय."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून निरोप्या शोधला." तिनं नक्षीवर बोट ठेवलं. "दारात कोणी नाही, मामा."

कुंडलिकनं मनात मांडून पाहिलं. बेल वाजते आहे, आत धावपळ चालू आहे, दारात कोणी नाही. आयुष्यभराची सवय कामाला आली.

"मग बटणच अडकलंय," तो म्हणाला.

कुणालीनं टेबलावर थाप मारली. "बटणच. ती बेल कशी घडवायची हे पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यातलं एक अक्षर बदललंय. तीनशे कोटी अक्षरांतलं एक. त्यानं बेल अशी घडली की दाबलेलीच राहते. पुढची सगळी माणसं प्रामाणिक आहेत. निरोप आला, पुढे दिला. आगच नाही हे त्यांना कोण सांगणार?"

"अक्षर कुणी बदललं?" कुंडलिकचा आवाज खाली आला. हा प्रश्न विचारायला तो खरा आला होता. "बिब्ब्यानं?"

"संशयित एकेक घेऊ. ऊन घे. कातडीचे पुष्कळ कॅन्सर उन्हानं होतात. पण ऊन अक्षरं बदलतं तेव्हा त्याची स्वतःची खूण मागं ठेवतं. इथं ती नाही, आणि तळपायाला ऊन लागतं कुठे? आता बिब्बा. तो वरची कातडी जाळतो, ती गळून जाते. ज्या पेशींपासून हे सुरू झालं त्या तिच्याखाली राहतात. पण त्याहून पक्कं सांगते. बदललेलं अक्षर वरच्या पेशीत आहे, मधल्या पेशीत आहे, अगदी तळाशी उतरलेल्या पेशीत आहे. सगळ्यांत तेच. म्हणजे ते या सगळ्यांच्या पणजीकडून आलंय. पहिल्या पेशीत ते झालं आणि तिथून डाग सुरू झाला. आता तू सांग, आधी डाग की बिब्बा?"

"डाग. दोन पावसाळे."

"मग बिब्ब्याच्या हाती हा गुन्हा लागत नाही. पण तो अगदी साळसूदही नाही. काळ्या डागावर काळा डाग पडला आणि वर्षभर कोणी डॉक्टरकडे गेलं नाही. रोग त्यानं दिला नाही, रोगाला बुरखा दिला."

"मग गुन्हेगार कोण?"

"कोणी नाही. पेशी दुभंगताना सगळं पुस्तक उतरवून काढते. चुका होतात, त्या ती स्वतःच दुरुस्त करते. एखादी राहून जाते."

फौजदारानं खुर्चीला पाठ टेकली. प्रत्येक गुन्ह्याला एक माणूस असतो, या एका वाक्यावर त्याची सगळी नोकरी उभी होती. इथे गुन्हा होता, पुरावा होता, सगळी साखळी हाती होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नव्हतं. त्याला भीती वाटायला हवी होती. तीही वाटली. पण तिच्याहून कितीतरी मोठं काहीतरी छातीत दाटून आलं. एवढं मोठं पुस्तक रोज उतरवलं जातं, या मुलीच्या अंगात, त्याच्या, खाली रस्त्यावरून चाललेल्या प्रत्येक माणसाच्या अंगात, आणि बहुतेक वेळा ते बिनचूक उतरतं. चूक कशी झाली याचं नवल नव्हतं. एरवी होत नाही, याचंच नवल होतं.

"आता काय करायचं?"

"टाचेचा तेवढा भाग काढायचा. जांघेत एक गाठ आलीय, तिच्यासाठी गोळ्या. बेल कुठली अडकलीय ते कळलं, म्हणून तिच्या खोबणीत जाऊन बसणारी गोळी देता येईल. सगळ्यांना ती लागू पडत नाही. पण बाटली मिळाली नसती तर कुठली बेल ते कळलंच नसतं."

६

होळी झाल्यावर सरस्वती काठी टेकत ओट्यावर येऊन बसू लागली. जांघेतली गाठ लहान झाली होती. पुढे काय होईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते, पण तिनं आवणीची गोष्ट काढायला सुरुवात केली होती, आणि लडकू ती ऐकत बसत होता.

सांगायचं ते दोघींना एकत्रच, असं ठरवून थांबलेल्या कुंडलिकनं एके दिवशी गिरजाला आणलं. खरं काय ते कळलंय, एवढंच त्यानं धसईला जाऊन सांगितलं होतं. ओट्यावर घरचे होते, शेजारपाजारच्या बाया होत्या. टोपली ओढ्यात फेकणारीही त्यांत असावी. कुंडलिकनं सगळं सांगितलं, बेल आणि पुस्तक आणि हातोहात जाणारे हंडे. लोकांना किती समजलं देव जाणे, पण कोणी मध्ये बोललं नाही. लडकू आपला तळहात उलटसुलट करून पाहत होता.

"म्हंजी माज्या हातानी नाय?" गिरजानं विचारलं.

"तुज्या हातानी रोग झाला नाय. तुज्या बिब्ब्यानी तो झाकला, हा खरा."

तिनं दोन्ही वाक्यं ऐकली. पहिल्याला तिचे डोळे भरले आणि दुसऱ्याला तिनं मान डोलावली. सरस्वतीनं सरकून तिला शेजारी जागा केली. रितेश खाली मान घालून आला आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवून तिच्या पाया पडला.

मग कुंडलिकनं चप्पल काढली आणि उजवा पाय सरळ गिरजाच्या मांडीवर ठेवला. बाभळीचं टोक आत तसंच होतं. त्याचं आता कुरूप झालं होतं.

"काढ," तो म्हणाला.

"भाऊ, मी बोलले ना..."

"मुंबईचे डॉक्टर काढत व्हते. मी नाय दिला काढू."

गिरजानं पदराखालून हात बाहेर काढले. कमरेच्या पिशवीतून सुई काढून तिनं टाचेला लावली. काट्याचं टोक निघालं, काळं, तांदळाच्या कणीएवढं. तिनं ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि सवयीनं कमरेच्या पिशवीत बिब्बा चाचपला. हात तिथंच राहिला.

"काटा गावला, म्हणून लावते," ती सावकाश म्हणाली, कुंडलिकला आणि ओट्यावरच्या सगळ्यांना. "काटा गावला नाय तर आता लावायची नाय. आन ह्यो डाग महिन्याभरात गेला नाय, तर माज्याकडं यायचा नाय. डाक्टरकडं जायचा. समद्यांनी आयका."

दिवा आला, बिब्बा तापला, टाचेला चटका बसला. कुंडलिकनं दात दाबून धरले. आत आता बेल वाजली असणार, त्याला वाटलं. निरोप हातोहात निघाला असणार, पानं उघडत असतील.

पुढे रोज सकाळी न्हाणीच्या दगडावर पाय ठेवून तो टाच पाहू लागला. बायको हसली, त्यानं हसू दिलं. खपली धरली, मग कडेनं सुटली. एका सकाळी टाच स्वच्छ दिसली. आतली बेल थांबली होती. निवृत्त फौजदार कुंडलिक पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बराच वेळ तिथे उभा राहिला, आणि मग त्यानं आपल्याच पायाला हात लावून नमस्कार केला.